वाकळीतला श्वास

डोंगरकड्याच्या नर्मदाबाईंची नात प्रतिक्षा काचेच्या धाग्यावर संशोधन करायची. त्यावर झोपलेल्या माणसाच्या श्वासानं धागा किंचित ताणला गेला, की त्यातून परतणाऱ्या लेझरचा रंग सरकतो आणि संगणकावरची रेघ हलते. तो धागा आजीनंच वाकळीत शिवून दिला.

"तुमच्या मशिनीला असा टाका सात जन्म जमायचा न्हाई," तिनं सुनावलं.

दुपारी बाजेवर वाकळ अंथरली. अजून कुणी आडवंही झालं नव्हतं, तरी रेघ वर-खाली होऊ लागली. प्रतिक्षानं पंखा बंद केला, लेझरचा रंग मागंपुढं करून पाहिला, वाकळ उचलून फरशीवर टाकली. रेघ चालूच. आखूड, आखूड, मग एक लांब.

"आजी, आत काय घातलं तू?"

"तुझ्या आज्याचं धोतर. गेल्या माणसाचं जुनेर वाकळीतच घालत्यात. काहून?"

नवरा नामाजी दम्यानं गेले, तेव्हा बाई रडल्या नव्हत्या. तेव्हापासून आत सगळं बधिर होतं. जन्मभर शेजारी ऐकलेला श्वास त्यांनी रेघेवरून बराबर ओळखला. तरी काहीच वाटलं नाही.

"धोतर काढावं लागंल. न्हाईतर माझी मेहनत वाया गेली," प्रतिक्षानं कात्री उचलली.

"सरक. माझा टाका मीच उसवीन."

कात्रीचं टोक टाक्याखाली शिरलं आणि रेघ एकदम सपाट झाली.

"थांबलं," प्रतिक्षा म्हणाली.

बाईंनी कात्री मागं घेतली. रेघ पुन्हा उठली. पण आता भेदरलेल्या माणसासारखी, भराभर.