तेवढं लेखी द्या

छापखान्यातला कॉम्प्युटर रोज विचारायचा, "अपग्रेड करू का?" आणि तिथले जुने ऑपरेटर काका रोज "नंतर" दाबायचे. मालकांच्या जावयाने चारचौघांत त्यांची खिल्ली उडवली, "सिस्टिमही तुमच्यासारखीच जुनाट!" आणि काकांना घरी बसवायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी जावयाने फर्मावलं, "अपग्रेड करूनच जा." काकांनी स्वतः लिहिलेला कागद पुढे केला. "करतो अपग्रेड, फक्त तेवढं लेखी द्या." जावयाने हसत हसत, न वाचताच सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन. "अहो, कटिंग मशीन ढिम्म हलत नाहीये! काय करून ठेवलंत?"

"ड्रॉवरमध्ये जावईबापूंच्या सहीचा कागद आहे, मालक. जरा मोठ्याने वाचा."


"'नव्या सिस्टिमवर कटिंग मशीन चालणार नाही, हे काकांनी मला सांगितलं आहे. तरीही अपग्रेड करावं. जबाबदारी सर्वस्वी माझी.'"