निळ्या गाऊनचा तपास

दुपारी सव्वाचार वाजता बोका खिडकीतून आत आला आणि कापड बेतायच्या टेबलावर ऐसपैस बसला. टेलरबाईने त्याला उचलून खाली ठेवलं, तेव्हा तिला वास आला. टाल्कम पावडरचा.

तिच्या घरात पावडर नव्हती. पण हाच वास गेले पंधरा दिवस नवऱ्याच्या शर्टाला येत होता.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गल्लीत त्याला सगळे पेंटरच म्हणत. लग्नापासून तो टर्पेंटाइनचा वास घेऊन घरी यायचा आणि त्यावरून रोज बोलणी खायचा. आता तो दुपारी ब्रशांची पिशवी घेऊन निघायचा आणि परत यायचा तेव्हा ब्रश कोरडे असायचे, नखं स्वच्छ असायची.

शेजारच्या पार्लरवालीचा सल्ला घ्यावा की नाही, हा प्रश्नच आला नाही. तिने तो आपणहून दिला. बोक्याचं ‘फौजदार’ हे नाव तिनेच ठेवलं होतं. तिची हरवलेली कुडी त्याने कपाटाखालून पंजाने उकरून काढली, तेव्हापासून कुणाचं काही हरवलं की गल्ली आधी बोक्याकडे बघायची.

"वहिनी, माणसं खोटं बोलतात," पार्लरवाली म्हणाली. "फौजदाराला ते जमत नाही. याच्या अंगाला ज्या घरची पावडर, भावजींच्या अंगाला त्याच घरची. जा याच्या मागे."

टेलरबाई हसली. हसता हसता हातातली सुई पडली.

हल्ली पडायची. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांवर हातोडी मारून, दंडात सुया टोचून तपासलं होतं. निकाल विचारायला पेंटर एकटाच गेला. व्हिटॅमिन कमी आहे, गोळ्या घ्यायच्या, एवढंच येऊन म्हणाला. आणि कधी नव्हे ती फुलं घेऊन आला.

तिथूनच त्याचं वागणं बदललं. माडीवरचा पलंग त्याने खाली आणला. आपल्याला जिना चढवत नाही म्हणाला. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. आपण घसरून पडलो तर, म्हणाला. सकाळचा चहा करून तिच्या हातात देऊ लागला, आणि तिची पकड बसेपर्यंत कप सोडेना. ज्याचं मन त्याला खातं असा नवरा एकाएकी गोड वागायला लागतो, हे तिने मापं घेता घेता किती बायकांकडून ऐकलं होतं.

मग वस्तू जाऊ लागल्या. आधी तिचा कंगवा. मग उशीचा अभ्रा. शेवटी निळा गाऊन. तो तिने एका गिऱ्हाइकासाठी शिवला होता, पण तिसऱ्या बटणाचं काज तिरकं गेलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लाज वाटून तिने गिऱ्हाइकाला दुसरा शिवून दिला आणि हा स्वतः वापरायला काढला. पेंटरला विचारलं, तर वाऱ्याने उडाला असेल म्हणाला. दोरीवरचे चिमटे मात्र जागच्या जागी होते.

कंगव्याचं तिला काही वाटलं नाही. पण आपला गाऊन दुसरीच्या अंगावर, या विचाराने तिची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी पेंटर बाहेर पडला. थोड्या वेळाने फौजदार उठला, आळस देऊन निघाला. टेलरबाईने पेंटरचे कपडे एका पिशवीत भरून उंबऱ्याशी ठेवले, दुकान बंद केलं आणि बोक्याच्या मागे निघाली. त्या बाईला सुनवायचं वाक्य तिने रात्रीच ठरवलं होतं: माझा गाऊन परत दे आणि माणूस ठेवून घे. रडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. फक्त एवढंच बोलायचं आणि परत फिरायचं.

बोका बेकरीच्या मागच्या भिंतीवरून चालला, हातगाडीखालून गेला, छापखान्याच्या कोपऱ्यावर थांबला. ती मागे राहिली की तो मान वळवून बघायचा. तिच्या डाव्या पायातली चप्पल सारखी निसटत होती. रागाने पाय नीट पडत नाहीत, असं तिला वाटलं.

छापखान्यापलीकडच्या गल्लीच्या टोकाला एक बैठं घर होतं. बोका उघड्या खिडकीतून आत शिरला. पेंटरची सायकल भिंतीला टेकवलेली होती.

आतून बाईचा आवाज आला.

"घाबरताय कशाला? जवळ घ्या. कमरेखालून हात घाला."

"दुखणार नाही ना?" हा पेंटरचा आवाज. इतका हळुवार तो तिच्याशी लग्नाच्या पहिल्या वर्षीच बोलला असेल.

टेलरबाईने भिंतीला हात टेकला. वाक्य मनात एकदा म्हणून बघितलं. दार नुसतंच लोटलेलं होतं. तिने ते बोटाने ढकललं.

आत लोखंडी पलंग होता. पलंगाशी पावडरचा डबा घेऊन पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी नर्स उभी होती. पलंगावर कापूस भरलेला, माणसाएवढा पुतळा होता. त्याच्या अंगात निळा गाऊन होता. तिसऱ्या बटणाचं काज तिरकं होतं. उशीला तिचा अभ्रा होता. फौजदार पुतळ्याच्या पायाशी वेटोळं करून बसला होता, घरी तिच्या पायाशी बसतो तसाच. दाराकडे पाठ करून पेंटर पुतळ्याला कुशीवर वळवत होता.

"मानेखालचा हात काढू नका," नर्स म्हणाली. "ही वेळ येईल तोवर त्यांच्या मानेत जोर राहिलेला नसेल. आणि पाठ रोज कोरडी ठेवायची, नाहीतर जखमा होतात. घरी सांगितलंत का?"

पेंटरने पुतळ्याची मान सावरली, कंगवा घेतला आणि कपाळावरचे नसलेले केस मागे सारले.

"नाही," तो म्हणाला. "अजून सुई धरतेय ती."