कीट

आप्पारावांनी लोहचुंबक तळ्यात फेकले आणि दोर सैल सोडत त्यावरच्या गाठी मोजल्या. दर हातावर एक गाठ होती. नऊ गाठी गेल्या, तेव्हा चुंबक तळाला टेकले. त्यांनी दोर सावकाश ओढून घेतला. चुंबकाला काळा, सच्छिद्र, दगडासारखा तुकडा चिकटून आला होता.

"काय लागलं?" बाकावर बसलेल्या रतनबाईंनी विचारले.

"कीट."

लोखंड वितळवल्यावर भट्टीत जो मळ उरतो, त्याला कारखान्यात कीट म्हणत. त्यात लोखंडाचा अंश राहतोच. आप्पारावांनी तुकडा बाजूच्या ढिगात टाकला, वही उघडली आणि लिहिले : खांब एकवीस, लांब फेक, कीट. बागेच्या कठड्याला चाळीस खांब होते. प्रत्येक खांबापासून तीन फेका : जवळ, मध्यम, लांब. सकाळी सातपासून त्यांनी एकही फेक गाळली नव्हती.

मागे झोपाळ्यांवर मुले ओरडत होती. बंद कारखान्याच्या भट्टीला आता गुलाबी रंग दिला होता, आणि तिच्यासमोर उभे राहून एक कुटुंब फोटो काढत होते.

बागेचा रखवालदार सटवा काठी आपटत आला.

"ओ मिस्त्री, चुंबकाला मासं कवापासून लागायला लागले?"

कोणी हसले नाही. तेव्हा त्याचे लक्ष रतनबाईंच्या शेजारी ठेवलेल्या कागदांकडे गेले. वर 'हरवला आहे' असे छापले होते आणि खाली मोटारसायकलवर बसलेला हरिओम.

"तुमचं पोरगं?" सटवाने आवाज खाली आणला. "चौकीत गेलता का?"

"दोनदा," आप्पाराव म्हणाले. "म्हणले, पोरगा जाणता हाय, यील आपल्या पायानं. नऊ दिवस झाले. फोन बंद पडला तो इथल्या टॉवरखाली."

"पर मिस्त्री, चुंबकाला माणूस कसं..."

"माणूस न्हाई," रतनबाई मध्येच म्हणाल्या. "गाडी. गाडीबिगर त्यो पाऊल टाकत न्हाई. तळ्यात गाडी घावली न्हाई, तर पोरगं हाय. कुठंबी का असंना, हाय."

सटवाने पायानेच ढीग चाचपला.

"ह्या तळ्यात लोखंड लई हाय. तुमचं चुंबक कुठंबी चिकटंल."

"ठाऊक हाय. भट्टीचं कीट मीच वतलंय इथं. एकतीस वर्सं."

"पाचला साहेब येतेत. तवर उरका," सटवा म्हणाला, आणि कठड्याकडे धावत येणाऱ्या मुलांना हाकलू लागला.

सत्ताविसाव्या खांबाच्या मध्यम फेकीला दोर ताठ झाला. आप्पारावांनी तो ओढला. वीतभर आला आणि आपोआप मागे गेला. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा वीतभर येऊन मागे गेला. कीट असे करीत नाही. ते सुटून येते, नाहीतर जागचे हलत नाही. असे मागेपुढे होते ते आसावर बसवलेले चाक.

त्यांनी दोर खांबाला बांधला. दोन वेढे, वर गाठ. गाठ पक्की आहे की नाही, हे एकदा ओढून पाहिले. मग वही घेऊन ते बाकावर बसले आणि लिहू लागले. पेन दोनदा थांबले.

"काय लागलं?"

"कीट."

"मग वर कावून आलं न्हाई?"

"अडकलंय."

रतनबाईंनी वही त्यांच्या हातातून घेऊन मांडीवर ठेवली. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. पण सकाळपासून तो एकच शब्द पानावर एकाखाली एक उतरताना त्यांनी पाहिला होता. प्रत्येक ओळीच्या टोकाला बोट लावीत त्या वरून खाली आल्या. शेवटच्या ओळीवर बोट थांबले.

"कीट तर एवढुसं असतंय," त्या म्हणाल्या. "हे कावून लांब लिव्हलं?"