एकही आकडा गळला नाही

कपाटातून पाठवलेले सगळेच्या सगळे आकडे बाहेर पोहोचत होते, आणि नेमकं हेच काकूला खटकलं.

वर्गात तिला काकू म्हणत, कारण कुणाची फाइल अपुरी दिसली की ती सख्ख्या काकूसारखी कान उपटायची. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिचा आणि बॅटरीचा. बॅटरी म्हणजे तिचा जोडीदार. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून बॅटरी. लॅबमधल्या लोखंडी कपाटात एक छोटं यंत्र ठेवायचं, ते आतलं तापमान मोजून वायरलेसने बाहेरच्या यंत्राला कळवणार, आणि बाहेरचं यंत्र ऐकलेला आकडा लॅपटॉपवर दाखवणार. कल्पना झकास होती, पण लोखंड काही दाद देत नव्हतं. निम्मे आकडे आतच गुदमरायचे. पडद्यावर आकड्यांइतक्याच रिकाम्या जागा.

आणि आज, तोंडी परीक्षेच्या दिवशी, एकही रिकामी जागा नाही?

"काल नवा अँटेना लावला ना, त्याचा गुण!" बॅटरी हरखून म्हणाला आणि रिपोर्टच्या प्रती आणायला खाली पळाला.

काकूचा विश्वास बसेना. कुठेतरी पाणी मुरत होतं. आकडे दाखवणारा प्रोग्राम बॅटरीने एकट्याने लिहिलेला. आकडा कपाटातूनच यायला हवा असं थोडंच आहे? प्रोग्रामच्या पोटातूनही काढता येतो. दुसऱ्या वर्षी याच गड्याने प्रयोग न करता, जिन्यात बसून सगळी रीडिंग बनवली होती. अख्ख्या वर्गाने ती उतरवून घेतली होती, काकूनेसुद्धा, पण तेवढं तिला आत्ता आठवायचं नव्हतं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. बाकीच्या जोड्या आपापल्या टेबलांशी पाठांतरात बुडालेल्या. तिने हळूच बाहेरच्या यंत्राचा अँटेना फिरवून काढला.

आकडे येतच राहिले. यंत्राचा कान कापला, तरी ते ऐकत होतं!

परीक्षक शेजारच्या लॅबमध्ये पोहोचले होते. गेल्या वर्षी अशीच बनवाबनवी पकडून त्यांनी एका जोडीतल्या दोघांनाही नापास केलं होतं. करणारा एक, बुडणारे दोघं. तिला नोकरी लागली होती, पण ती पास झाली तरच टिकणार होती.

बॅटरी धापा टाकत परतला तसं तिने त्याला गाठलं.

"खरं सांग. आकडे बनवलेस ना?"

"काय?"

"अँटेना माझ्या हातात आहे. बघ पडद्याकडे."

त्याने पाहिलं. त्याचे कान लाल झाले. सापडला चोर, काकूला वाटलं, आणि तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. चार वर्षं एका बाकावर काढली होती दोघांनी.

बॅटरीने कपाट उघडलं आणि आतल्या यंत्राचं तापमान मोजणारं टोक मुठीत धरलं. पडद्यावरचे आकडे चढू लागले. मूठ सोडली, तसे हळूहळू उतरले.

"बनवलेल्या आकड्यांना माझ्या मुठीची ऊब लागते होय गं?"

मग आकडे येत होते कुठून?

तो वायरीवरून बोट फिरवत निघाला. लॅपटॉपपासून दोन सारख्याच काळ्या यूएसबी वायरी निघत होत्या. एक बाहेरच्या यंत्राकडे, त्याने ऐकलेलं लॅपटॉपला कळवायला. दुसरी कपाटाच्या फटीतून आत, तिथल्या यंत्राला नुसती वीज पुरवायला. बोट लॅपटॉपपाशी येऊन थांबलं. दोन्ही वायरी एकमेकींच्या जागी खोचलेल्या होत्या. प्रोग्राम एकाच खाचेतलं वाचायचा, म्हणून लॅपटॉप बाहेरच्या यंत्राचं ऐकतच नव्हता. आतल्या यंत्राचे आकडे थेट वायरीतून चालत येत होते. कसलं वायरलेस अन् कसलं काय!

"सकाळी टेबल कोणी आवरलं?" बॅटरीने विचारलं.

काकूने मान खाली घातली. धूळ पुसून, गुंता सोडवून तिनेच वायरी परत लावल्या होत्या.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्याने, पण ते लागलं होतं त्याला. त्याने वायरी सरळ केल्या, अँटेना बसवला, कपाट बंद केलं. आकडे पूर्वीसारखे लंगडत येऊ लागले. एक आकडा, मग रिकामी जागा, पुन्हा रिकामी जागा, मग एक आकडा.

"नवा अँटेनाही फुकटच गेला," बॅटरी म्हणाला. "असू दे. निम्मे का गळतात ते आपल्याला माहितीये. तेच सांगू."

काकू पडद्यावरच्या रिकाम्या जागांकडे बघत राहिली. भिंतीपलीकडे खुर्च्या सरकल्या. तिकडची परीक्षा आटोपली होती.

"परत उलट्या लाव," ती म्हणाली.

"काय?"

"वायरी. सकाळी होत्या तशा."

"अगं, आत्ता तर मला चोर ठरवून मोकळी झाली होतीस!"

"तेव्हा वाटलं आकडे खोटे आहेत. हे खरेच आहेत ना? वायरीतून आले काय नि हवेतून आले काय, त्यांना काय कळणारे?" ती खरोखरच घाबरली होती. "माझी नोकरी जाईल रे." बोलता बोलता तिचा हात लॅपटॉपपर्यंत पोहोचलाही होता.

बॅटरीने लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला.

दार उघडलं. "गुड मॉर्निंग, सर," म्हणत सगळी लॅब उठून दाराकडे वळली. बॅटरीही उठला, पण परीक्षक थेट त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले तरी तो काकूच्या हातांकडेच बघत होता.