स्विचवरचा धागा

"हा धागा मशीनला कोणी बांधला?"

सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्यातल्या इन्स्पेक्टरबाईंनी प्लॅस्टिकची छोटी पिशवी कॅन्टीनच्या टेबलावर ठेवली. आत लाल-पिवळ्या धाग्याचा वीतभर तुकडा होता, पिठाने माखलेला.

मुरलीधरने पिशवीवरून नजर काढून घेतली. शेजारी श्यामला, उजवा हात ओढणीखाली झाकून. त्या हाताची चार बोटं तीन आठवड्यांपूर्वी रोलरमध्ये गेली होती. इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या त्या नानच्या फॅक्टरीत ती पिठाच्या लाइनवर कामाला होती आणि मुरलीधर तिथला फिटर. समोर मॅनेजर हॉल्डनसाहेब, कडक इस्त्रीच्या शर्टात.

रोलरवर जाळी असते. जाळी उघडली की खालचा स्विच सुटतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. त्या दिवशी ते थांबलं नाही, कारण स्विच या धाग्याने दाबून बांधलेला होता. एवढं बाईंनी शोधून काढलं होतं. बांधला कोणी, तेवढंच राहिलं होतं.

हॉल्डनसाहेबांनी फाइलीतून एक फोटो काढला. तयारीनेच आला होता माणूस! फोटो गेल्या ऑक्टोबरमधल्या, २००६च्या खंडेनवमीचा. मशीनला हळदकुंकू, वर शेवंतीची चार फुलं, हॅण्डलला लाल-पिवळा धागा, आणि पूजेचं ताट हातात धरून हसणारी श्यामला. पूजा खरं तर मुरलीधरने केलेली. भोसरीच्या कारखान्यात बावीस वर्षं तो दर खंडेनवमीला मशीन पुजत आला होता, इथेही हौसेने पुजलं. साहेबांनी तेव्हा दोन पेढे खाल्ले होते आणि फोटोही स्वतःच काढला होता.

"आम्ही सगळ्यांच्या श्रद्धेचा मान राखतो," साहेब म्हणाले. "ही त्यांची प्रथा आहे. पूजेनंतर हिने तो धागा स्विचला गुंडाळला असणार. आम्हाला काहीच कल्पना नव्हती. फार वाईट झालं."

घ्या! म्हणजे बोटंही हिचीच गेली आणि गुन्हाही हिचाच. भरपाईचं तर नावच काढायला नको.

श्यामलाला इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, पण हे बरोबर कळलं. "काका, मी नाही हो बांधला," ती मराठीत कुजबुजली. "सांगा ना त्यांना. जेवायला बसलं की डाव्या हाताने घास तोंडात जात नाही माझ्या, आणि हे म्हणतायत मीच केलं."

तिला इथे चिकटवली ती मुरलीधरनेच. "फॅक्टरी चांगली आहे, आणि मी आहे ना तिथे," असं तिच्या नवऱ्याला, विनयला, छातीठोकपणे सांगितलं होतं. पण त्याचं स्वतःचं वर्क परमिट हॉल्डनसाहेबांच्या सहीवर. कायमचं राहायचा शिक्का मिळायला सात महिने उरलेले. नोकरी गेली की बायकोला घेऊन परत भोसरी. पंचावन्नाव्या वर्षी तिथे कोण दारात उभं करणार होतं? सकाळीच साहेबांनी त्याला जिन्यात गाठलं होतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "मर्ली, तू फक्त गप्प राहा. बाकीचं मी बघतो." तीन आठवडे तो मूग गिळून बसलाच होता, आणखी एक तास बसायचं, एवढंच.

"पूजेनंतर तुम्ही हा धागा हलवला होता का?" बाईंनी श्यामलाला विचारलं.

श्यामला रडायलाच लागली. बाईंनी सुस्कारा टाकून पेन उघडलं आणि लिहायला घेतलं.

"थांबा," मुरलीधर म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. "तिने नाही. मी बांधला. आणि पूजेला नाही, डिसेंबरमध्ये."

साहेबांचा चेहरा गोरामोरा झाला. "मर्ली, नीट विचार करून बोल."

"ख्रिसमसची ऑर्डर होती," मुरलीधर आपल्या तुटक्या इंग्रजीत बोलतच राहिला. "पीठ चिकटलं की ते काढायला जाळी उघडावी लागायची, मशीन बंद पडायचं, परत चालू करायला चार मिनिटं. तुम्ही म्हणालात, स्विच बांधून टाक, उघड्या जाळीनेच चालू दे. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तुम्ही माझ्या परमिटचं नाव काढलंत."

बाई आता भराभर लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या. "तुम्ही फिटर आहात. मग वायर सोडून धागा कशाला?"

मुरलीधरने मान खाली घातली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वायर हातातच होती," तो म्हणाला. "पण मनाला पटेना. म्हटलं, मशीनचा डोळा तर मी फोडतोय. मग पूजेतला उरलेला धागा घेतला. म्हटलं, निदान देव तरी या बायकांच्या हातांकडे लक्ष देईल. मूर्खपणा झाला. पण फार भीती वाटत होती मला."

मुरलीधर श्यामलाकडे वळला. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं.

"चुकलो गं मी, श्यामला."

ती रडायची थांबली होती. पिशवीतल्या त्या तुकड्याकडे बघत होती.

"मी बघितला होता तो धागा, काका," ती म्हणाली. "म्हटलं, काकांनी बांधलाय म्हणजे आता काही होत नाही. रोज त्याला नमस्कार करूनच आत हात घालायचे मी."