नाकाखालचा आरसा
लेकीच्या दुभंगलेल्या टाळूची दोन ऑपरेशनं झाली होती. तिसरं लागेल का, हे आज ठरणार होतं. स्पीच थेरपिस्ट बाईंनी तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरला. “‘प’ म्हणताना टाळूनं वर जाऊन नाकाची वाट बंद करायची. आरशावर वाफ आली, तर हवा निसटतेय. म्हण, पपपप.” लेक म्हणाली. आरसा धुरकटला. “परत कापणार?” लेकीनं विचारलं. बाईंनी आरसा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. “आई, तुम्ही तिच्या खांद्यावरून वाकलाय. ही वाफ तुमच्या उसाशांची आहे. मागं सरा बघू.” मी भिंतीला टेकले आणि श्वास रोखला. लेक पुन्हा म्हणाली, चांगलं दहादा. आरसा कोरडाच राहिला. “आता सोडा श्वास,” बाई म्हणाल्या. मला जमेना. “सोप्पं असतं गं,” लेक म्हणाली.