बंड्याचा वास

भाडेकरारात कुत्रा बसत नव्हता, म्हणून बंड्या बाथरूममध्ये बसला होता आणि अरविंद त्याचं तोंड धरून. बाहेर फ्लॅटचे मालक, नेरूळचे जानूशेठ, पाहणीला आले होते. वास आला, तर कुत्रा तरी जाणार नाहीतर घर तरी. तेवढ्यात बायकोनं चक्क व्हॅक्यूम क्लीनर लावला! अरविंदला घाम फुटला. मशीन लावलं, की केर आत जायचा आणि बंड्याचा वास घरभर पसरायचा. पण जानूशेठचा आवाज आला, “घर फुलावानी ठेवलंय, वैनी!” काल तिनं मशीनची पिशवी बदलली, ब्रशमधले केस कापले, फिल्टर सोड्यात धुऊन उन्हात ठेवला, तेव्हा अरविंद हसला होता. आता कौतुकानं टाळी वाजवायला त्यानं हात काढले. बंड्या भुंकला. “आमच्या ह्यांचा खोकला,” बायको शांतपणे म्हणाली. “आमचे घरान पन हाय तसाच,” जानूशेठ उठले. “बिस्कुट द्या, गप बसतो.”